चाकाचा नट सुटत नाही तेव्हा

मागच्या वेळी आपण हेत्वाभासांपाशी थांबलो होतो, आणि पुढचं उदाहरण धूर आणि अग्नीचं नसेल, रोजच्या वापरातलं असेल, असं कबूल केलं होतं. तर आजचं उदाहरण मोटरसायकलच्या चाकाचं आहे. नेमकं सांगायचं तर चाकाच्या आसावरचा नट कुणीतरी कचकचून आवळून ठेवलेला आहे आणि आता तो सुटत नाही, अशा वेळी काय करायचं. समोर दोघं-तिघं हसताहेत. हसा. पण या सभागृहाबाहेर किती दुचाक्या उभ्या आहेत ते येताना आम्ही पाहिलं आहे, आणि त्यातल्या निम्म्यांच्या मागच्या चाकाचा नट गाडीबरोबर मिळालेल्या पान्यानं सुटणार नाही, यावर पैज लावायला तयार आहोत.

नवीन पनवेलला हा विषय परका नाही. पळस्प्याला वळलं की कोकणचा रस्ता लागतो, सरळ गेलं की घाट. पावसाळ्यात शनिवार-रविवारी मुंबईकडून येणारी दुचाक्यांची रांग आपण सगळे पाहतो. पण आमच्या मनात ती मंडळी कमी आहेत. दिवसभर सेक्टरा-सेक्टरांतून पार्सल पोचवणारी, जेवणाचे डबे नेणारी जी मुलं आहेत ती जास्त आहेत. त्यांची गाडी बहुतेक वेळा जुनी, तारांची चाकं, आत ट्यूब. ट्यूबलेस टायर असेल तर चाक न काढता पंक्चर निघतं. ट्यूबवाल्या टायरचं बहुधा चाकच उतरवावं लागतं. म्हणजे आसाचा नट सुटलाच पाहिजे. तो नाही सुटला तर त्या दिवसाची कमाई गेली, इतका साधा हिशेब.

आता हा नट धरून कसा राहतो ते आधी पाहू, कारण ते कळल्याशिवाय सोडवण्याची गोष्ट म्हणजे नुसती मारामारी होते.

आपल्या भाषेत स्क्रूला एक सुंदर जुना शब्द आहे, मळसूत्र. आणि त्यावरच्या खाचांना आपण आटे म्हणतो. आटा म्हणजे काय? दांड्याभोवती गुंडाळलेला घाटरस्ता. डोंगर सरळ चढायचा तर दम लागतो, म्हणून रस्ता वळसे घेत घेत नेतात. अंतर वाढतं, चढ कमी होतो. नट हा त्या घाटानं चढणारा प्रवासी. समजा १२ मिलिमीटर जाडीचा आस आहे आणि एका आट्यापासून दुसऱ्या आट्यापर्यंत सव्वा मिलिमीटर अंतर आहे. नटानं एक पूर्ण फेरी मारली की तो सव्वा मिलिमीटर पुढे सरकतो. या घाटाचा चढ काढला तर तो दोन अंशांच्या आसपास येतो. इतक्या सौम्य चढावर घर्षण पुरून उरतं, म्हणून नट आपोआप घसरत खाली येत नाही. तो तिथे घर्षणावर बसलेला असतो, बाकी कशावर नाही.

पण नुसतं बसून भागत नाही. नट आवळताना आपण खरं म्हणजे आसाला किंचित ताणत असतो. लोखंड ताणलं जातं यावर पटकन विश्वास बसत नाही. जाड रबरासारखं ते ताणलं जातं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. ताणलेला आस परत आखडायला बघतो आणि मधल्या सगळ्या गोष्टी, म्हणजे मागच्या फोर्कचे दोन हात, बेअरिंगच्या आतल्या कड्या, मधली नळी, वायसर, हे सगळं एकत्र दाबून धरतो. चाक जागेवर राहतं ते या दाबामुळे.

हा दाब किती असतो? इथे थोडा हिशेब करू, घाबरू नका. फूटभर लांबीच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर लावला, तर नटावर साधारण ६० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. लहान-मध्यम गाड्यांच्या आसाचा नट ढोबळमानानं याच टप्प्यात आवळायचा असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो आणि तोच धरायचा. आता या ६० च्या पिळामुळे १२ मिलिमीटरच्या आसावर अडीच टनांच्या आसपास ताण येतो. अडीच टन! लावला वीस किलो जोर, आणि मिळाले अडीच टन. तेही आपल्या जोराचा फार मोठा भाग घर्षणात वाया गेल्यावर. ढोबळ हिशेब असा की शंभरातला नव्वद भाग नटाच्या बुडाखाली आणि आट्यांमध्ये घासण्यात जातो, जेमतेम दहावा भाग आस ताणण्याच्या कामी येतो.

आता दुसरं दृश्य बघा. पान्याला अर्धा मीटरचा पाईप जोडला आणि सत्तर किलोचा माणूस त्यावर उभा राहिला. तीनशे चाळीसच्या वर न्यूटन-मीटर. कागदावर चौदा टनांच्या आसपास ताण. कागदावर, कारण प्रत्यक्षात एवढा ताण येणारच नाही. साधारण मजबुतीचा १२ मिलिमीटरचा बोल्ट पाच टनांच्या पुढे टिकत नाही. त्याआधीच तो कायमचा ताणला जातो, नाहीतर आटे उडतात. रबर फार ताणलं की परत आखडत नाही, लांबलेलंच राहतं, तसंच. आणि गंमत अशी की लांबलेला आस आधीपेक्षा कमी भरवशाचा असतो. भीतीपोटी जास्त आवळणारा माणूस त्याच भीतीला खतपाणी घालत असतो.

बेअरिंगचंही तेच. दोन बेअरिंगच्या मध्ये एक नळी असते, आतल्या कड्या एकमेकींवर दाबल्या जाऊ नयेत म्हणून. ती शाबूत असेल तर बराच अत्याचार सोसते. ती झिजलेली असेल, किंवा मागच्या दुरुस्तीत कुणी ती घालायलाच विसरलं असेल, तर सगळा दाब बेअरिंगच्या गोळ्यांवर आडवा येतो. चाक हातानं फिरवलं तर जड फिरतं, गाडी चालवून आल्यावर हब गरम लागतो. थोड्याच दिवसांत घरघर सुरू होते.

मग लोक इतकं आवळतात का? आम्हांला यातला नीतिशास्त्राचा भाग जास्त रोचक वाटतो. नट सैल राहून चाक डगमगलं तर दोष कुणाचा? मेकॅनिकचा. त्याच दिवशी, त्याच्या नावानं. नट जास्त आवळला तर दोष कुणाचा? कुणाचाच नाही, कारण कळतच नाही. सहा महिन्यांनी कशेडी घाटात पावसात पंक्चर होतं तेव्हा कळतं, आणि तेव्हा समोर असतो तो दुसराच मेकॅनिक. एका चुकीला शिक्षा आहे आणि दुसरीला नाही, तर माणूस कुठल्या बाजूला झुकेल? मेकॅनिकला मूर्ख ठरवू नका, त्याच्या जागी बसलेला कुणीही शहाणा माणूस हेच करेल. त्यात हवेवर चालणाऱ्या गन आल्या. कळंबोलीच्या बाजूला ट्रकच्या टायरची कामं होतात, तिथे ती गन लागतेच, ट्रकचे नट हातानं कोण सोडवणार. पण तीच गन दुचाकीच्या नटावर सोडण्यासाठी न वापरता आवळण्यासाठी वापरली, की दोन सेकंदांत प्रमाणाची ऐशीतैशी होते. तिथे हाताला काही जाणवायची सोयच नसते.

आमच्या इमारतीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. पार्सल पोचवण्याचं काम करतो. मागचं चाक पंक्चर झालं. गाडीतला पाना लावला, नट ढिम्म. पान्यावर उभा राहिला, पाना सरकला, बोटं सोलवटली आणि नटाचे कोपरे गोल झाले. गाडी ढकलत एका दुकानात नेली. तिथे पाईप लावून जोर केला, आट्यांसकट आस गेला. नवीन आस, नवीन नट, आणि काढताना बेअरिंगला मार बसला म्हणून बेअरिंगही. दोन दिवस काम बंद. त्याला पैशांपेक्षा दोन दिवसांचं जास्त लागलं, कारण सलग हजेरीवर मिळणारे जादा पैसेही गेले. तो म्हणाला, काका, नट सुटत नव्हता म्हणजे आणखी जोर हवाच होता ना?

हा प्रश्न आपल्या विषयाचा गाभा आहे. ‘नट सुटत नाही, म्हणून आणखी जोर हवा.’ हे अनुमान आहे, आणि ते सदोष आहे. मागच्या वेळचं आठवा: जिथे धूर तिथे अग्नी, हे ठीक. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे म्हणता येत नाही, कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे आणि धूर नाही. नैयायिकांनी हेच उदाहरण दिलं आहे आणि नेमकं लोखंडाचंच दिलं आहे, आमच्या सोयीसाठी. जो हेतू साध्य नसलेल्या ठिकाणीही सापडतो, तो सव्यभिचार. ‘सुटत नाही’ हा हेतू असाच आहे. फार आवळलेला नट सुटत नाही. पण गंजून धरलेला नटही सुटत नाही. कॉटर पिन न काढलेला नट सुटत नाही. उलट्या दिशेनं फिरवत असलेला नट तर सुटणारच नाही. यातल्या प्रत्येकाचा उपाय वेगळा, आणि जोर हा फार थोड्यांचा उपाय.

मग भेद कसा ओळखायचा? एक खूण आहे. नट सोडताना तो घाट उतरत असतो, म्हणजे उतार आपल्या मदतीला असतो. त्यामुळे स्वच्छ, नुकताच आवळलेला नट सोडायला आवळण्यापेक्षा थोडा कमीच जोर लागतो. तुम्ही स्वतः मागच्या महिन्यात बेतानं आवळलेला नट आज दुप्पट जोरानंही हलत नसेल, तर तो ‘आवळलेला’ नाही, धरलेला आहे. आणि आपल्याकडे धरायला काय लागतं? अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस, खाडीकडून येणारी खारट हवा, आणि रस्त्यावरचा चिखल. आट्यांवर तांबूस पूड दिसली की गंज. आटे चकचकीत, नट नवाकोरा, आणि वायसर नटाखाली रुतलेलं दिसलं, तर कुणीतरी कचकचून आवळलंय. बऱ्याचदा दोन्ही एकदम असतं, हेही सांगून ठेवतो.

आता हात घालू. आधी नट नीट बघायचा. त्याला किल्ल्याच्या तटासारख्या खाचा असतील तर आरपार कॉटर पिन असणार. तिची टोकं सरळ करून ती काढायची. आटे तारेच्या ब्रशनं साफ करायचे. मग गंज सोडवणारं पातळ तेल. डब्ल्यूडी-४० सगळ्यांना माहीत आहे. १९५३ साली अमेरिकेत ते तयार झालं ते क्षेपणास्त्रांच्या पत्र्याला गंज चढू नये म्हणून पाणी हटवायला, आणि चाळिसाव्या प्रयत्नाला जमलं म्हणून नावात चाळीस. गंज सोडवण्यासाठी खास बनवलेली तेलं त्याहून बरी. काहीच नसेल तर गॅरेजवाले डिझेल किंवा रॉकेल टाकतात, तेही चालतं. पण टाकून लगेच पाना लावायचा नाही. रात्रभर ठेवा, मध्ये दोनदा पुन्हा टाका. तेल आट्यांच्या फटीतून आत झिरपतं, त्याला वेळ लागतो, आणि वेळ ही एकच गोष्ट या सगळ्यात फुकट आहे. एक पथ्य मात्र कडक: तेलाचा थेंब ब्रेकच्या डिस्कवर किंवा ड्रमच्या आत जाता कामा नये. फडकं लावून ठेवा. नट सुटला आणि ब्रेक गेला, असं व्हायला नको.

पाना कुठला? सहाकोनी गोटी, नटावर अचूक बसणारी, आणि तिला लांब दांडा. ती नसेल तर रिंग पाना. तोंड उघडा असलेला पाना दोनच कोपरे धरतो, आणि स्लाईड पाना तर धरल्यासारखं करतो. नट गोल होतो तो बहुधा याच दोघांमुळे. आसाचं दुसरं टोकही फिरू नये म्हणून तिकडे दुसरा पाना लावून धरायला माणूस हवा. नाहीतर आस आणि नट जोडीनं फिरत राहतात आणि आपण समजतो सुटतंय.

गाडीची दोन्ही चाकं जमिनीवर असू द्या, पुढचा ब्रेक कुणीतरी धरून ठेवा. मधल्या स्टँडवर लावून जोर केला तर गाडी स्टँडवरून पुढे उतरते, आणि दीडशे किलोचं धूड अंगावर आलं तर नटाची आठवणही राहत नाही. नटाकडे तोंड करून बसा. नट घड्याळाच्या उलट दिशेनं सुटतो, पण ही दिशा नटाकडे बघणाऱ्याची. गाडीवरून वाकून पलीकडच्या नटाला हात घातला की डोकं उलटं चालतं. पान्याचा दांडा आपल्या डाव्या हाताला येईल असा बसवा आणि खाली दाबा. खाली दाबल्यानं जोर जमिनीकडे जातो, गाडी पुढे-मागे ढकलली जात नाही.

आणि दाबण्याआधी, पाना पूर्ण बसवून, दांड्यावर हातोडीचे दोन-तीन छोटे ठोके द्या. नटाच्या सपाट बाजूंवरही हलके ठोके चालतात. आसाच्या टोकावर मात्र नाही, तिथले आटे पसरले तर नट बाहेर येणार कुठून? गंज ठिसूळ असतो, तो संथ जोरापेक्षा हादऱ्यानं लवकर तुटतो. मग एक छोटा कचका. बऱ्याचदा ‘टक्’ असा आवाज येतो आणि काम झालेलं असतं.

इथे थोडं थांबायला हवं. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञानं १९४९ च्या आपल्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये ‘अमुक आहे हे माहीत असणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत भेद केला. आतापर्यंत आम्ही सांगितलं ते पहिल्या प्रकारचं. दुसरं हातात असतं. पाना हलला की हाताला दोनपैकी एक गोष्ट जाणवते. ‘टक्’ होऊन एकदम मोकळं वाटलं, तर नट सुटला. पण आवाज नाही, आणि ओल्या मातीतून काठी फिरवल्यासारखं मऊ-मऊ फिरलं, तर तिथल्या तिथे थांबा. आस पिळला जातोय किंवा आटे जाताहेत. आमच्या बोलण्यानं हा फरक तुमच्या हाताला कळणार नाही. भंगारातला एखादा जुना बोल्ट घ्या, तो मुद्दाम आवळत आवळत तोडा, आणि तुटण्याआधी हाताला काय सांगतो ते लक्षात ठेवा. दहा-वीस रुपयांत याहून चांगलं शिक्षण मिळत नाही. रॉबर्ट पर्सिग यांनी त्यांच्या १९७४ च्या मोटरसायकलवरच्या प्रसिद्ध पुस्तकात धातूच्या या ‘लागण्या’बद्दल आणि अडकलेल्या स्क्रूबद्दल फार बारकाईनं लिहिलं आहे. हे गृहस्थ बनारस हिंदू विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकायला येऊन गेले होते, ही आमच्यासारख्यांच्या अभिमानाची गोष्ट.

एवढ्यानं नाही सुटला तर दांडा लांब करायचा, पण टप्प्याटप्प्यानं, आणि पाईपवर उभं राहायचं नाही. नंतर हवेची किंवा बॅटरीची गन. सोडण्यासाठी ती उत्तम, कारण ती संथ न पिळता हादरे देते. उष्णतेचा उपाय लोक सांगतात. गरम हवेच्या गननं नट तापवला तर तो प्रसरण पावून पकड सोडतो, हे खरं. पण शेजारी रबरी सील आहे, बेअरिंगचं ग्रीस आहे, टायर आहे, आणि आदल्या रात्री आपणच तेल ओतलेलं आहे. उघडी ज्योत तिथे नकोच.

शेवटचा उपाय नट कापणं. छिन्नीनं किंवा नट फोडण्याच्या हत्यारानं तो एका बाजूनं चिरायचा, आटे सांभाळून. लोकांना हे हरल्यासारखं वाटतं. आम्हांला तसं वाटत नाही. नट काही रुपयांचा, आस त्याच्या कितीतरी पट, आणि बेअरिंग व मजुरी त्याहून वर. स्वस्तातली वस्तू मोडून महागातली वाचवायची हा व्यवहार किराणा दुकानदारालाही कळतो. त्या मुलाच्या गाडीचा नट पहिल्याच दिवशी कापला असता तर आस वाचला असता.

आता परत बसवणं. आटे साफ करून नट आधी हातानं, नुसत्या बोटांनी, शेवटपर्यंत फिरतो का बघा. मध्ये अडखळला तर आटे दुखावलेले आहेत, तो वापरू नका. आसाच्या गुळगुळीत भागाला वंगण पातळसर लावा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात तो गंजून आत अडकणार नाही. आट्यांना मात्र पुस्तिकेत सांगितलं असेल तरच. कारण मघाचा हिशेब: जोराचा मोठा भाग घर्षणात जातो. वंगणानं घर्षण कमी केलं की तोच जोर आस जास्त ताणतो. पान्यावर आकडा बरोबर, आणि आतला ताण भलताच. साखळीचा ताण आणि चाकाची सरळ रेषा आधी बघा, दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आहेत ना, मग टॉर्क रेंचनं आवळा. टॉर्क रेंच महाग वाटतो, तर चार-पाच जणांनी मिळून घ्या.

एक प्रश्न आला आहे: टॉर्क रेंच नसेल, रस्त्यात असू, तर? तर फूटभर पाना, एका हातानं, कोपर वाकवून, वीस-पंचवीस किलोची पिशवी उचलताना लागतो तेवढा जोर. पायानं नाही. कॉटर पिन असेल तर नवी घाला, जुनी वाकवून वाकवून मोडते. घरी पोचलात की आकड्याप्रमाणे तपासून घ्या.

दुसरा प्रश्न, नायलॉनची कडी असलेल्या नटाबद्दल. ती कडी आट्यांना घट्ट धरते म्हणून तो आपोआप सैल होत नाही. पण दर वेळी काढल्यावर तिची पकड कमी होते. तो बोटांनीच शेवटपर्यंत फिरू लागला असेल, तर या नटाच्या बाबतीत ती चांगली खूण नाही. बदलून टाका. बदलल्यावर चाक उचलून हातानं फिरवा, ब्रेक दाबून बघा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर पाना लावून एकदा तपासा. हललाच नाही तर तसाच राहू द्या, ‘अजून थोडं’ करू नका.